सोनखत आणि सेफ्टी टँक

रविवारच्या सकाळी, घरात पोह्यांचा वास दरवळत असताना, मैल्याचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळते. पुष्कळ घरांत हे पान उलटून वाचक सरळ शब्दकोड्याकडे वळतील. पण हा विषय आता फार दिवस झाकून ठेवता येण्याजोगा उरलेला नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पाच वर्षांत देशाच्या ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक संडास बांधले गेले, असे सरकारी आकडे सांगतात. त्या आकड्यांविषयी वाद आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू. संडास बांधला म्हणजे त्याखाली खड्डा आला. पाच माणसांच्या कुटुंबाचा नेहमीच्या मापाचा खड्डा भरायला साधारण चार-पाच वर्षे लागतात, वापर कमी असेल तर थोडी अधिक. म्हणजे त्या वेळी खणलेले खड्डे एकामागून एक भरत आले आहेत. बांधायच्या वेळी बारा हजारांचे अनुदान होते, भिंतींवर घोषणा होत्या, गावाच्या वेशीवर 'हगणदारीमुक्त' असा फलक लागला होता. खड्डा भरल्यावर मात्र घरधनी एकटाच असतो आणि त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. यात जे साचले आहे त्याचे करायचे काय? आणि ते करायचे कोणी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. जनावराच्या मलाला आपण शेण म्हणतो आणि त्याच्या खताला शेणखत. माणसाच्या मलापासून होणाऱ्या खताला मराठी शेतकऱ्याने नाव दिले सोनखत. ज्या वस्तूचे नाव जेवताना घ्यायचे नाही, तिच्या खताला सोन्याचे नाव. ज्याने हा शब्द घडवला त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण कुठल्या वाफ्यातले पीक जोमाने येते ते त्याला नीट दिसत होते.

मी काही वर्षे शेतीशाळेत शिकवले आहे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. आपण जी डाळ, भाकरी, दूध खातो त्यातल्या प्रथिनांत सुमारे सहावा हिस्सा नत्र असते. दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिने पोटात गेली तर आठ ग्रॅम नत्र गेले. वाढत्या वयाच्या मुलाचे सोडा, पण मोठ्या माणसाच्या शरीरात यातले जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. जितके आत तितके बाहेर. वर्षाचे धरले तर माणशी अडीच-तीन किलो नत्र, आणि त्यातले पाचांपैकी चार हिस्से मूत्रातून. स्फुरदाचा निम्म्याहून अधिक भागही मूत्रातूनच जातो, पालाशही बहुतेक तिथेच. पंचेचाळीस किलोंच्या युरियाच्या गोणीत सुमारे वीस किलो नत्र असते. म्हणजे पाच माणसांचे कुटुंब दरसाल अर्ध्या गोणीहून अधिक युरियाइतके नत्र परसात, गटारात किंवा नाल्यात टाकत असते. देशाचा हिशेब करायचा तर १४० कोटी माणसे गुणिले अडीच किलो, म्हणजे ३५ लाख टन नत्र. युरियाच्या भाषेत सांगायचे तर ७५ लाख टन. योगायोग असा, की २०२२-२३ या वर्षात आपण परदेशातून जो युरिया आणला तोही जवळपास तेवढाच होता.

हा हिशेब कागदावरचा आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मूत्रातले नत्र काही तासांत अमोनिया होऊन उडू लागते, सगळे मूत्र गोळा होणे शक्य नाही, आणि शहरातून शेतापर्यंत ते न्यायचे तर निव्वळ पाणी वाहून नेल्यासारखे होते. पण निम्मे जरी हाती लागले तरी ते थोडके नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, वायू महागला, खते महागली, आणि त्या आर्थिक वर्षात केंद्राचा खतांवरच्या अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. आपला युरिया बव्हंशी आयात केलेल्या वायूवर तयार होतो. पालाश जवळजवळ सगळे बाहेरचे. स्फुरदाचे तर जगातले सुमारे सत्तर टक्के साठे मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात आहेत. नत्र निदान हवेतून तरी काढता येते, स्फुरद खाणीतूनच काढावे लागते. ते पिकात येते, पिकातून आपल्या ताटात येते आणि तिथून गटारावाटे समुद्रात जाते. समुद्रातून ते परत आणण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

मग सोनखत गेले कुठे? शब्द कोशात आहे, वस्तू शिवारातून नाहीशी झाली. इंग्रजी अमदानीत नगरपालिका मैला राखेत आणि केरात कुजवून त्याचे खत विकत असत. पुण्याभोवतीच्या ऊसमळ्यांत या खताला चांगली मागणी होती, पैसे मोजून शेतकरी ते नेत. जपानात तर एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाडेकरूंच्या मैल्यावर घरमालकाचा हक्क असे आणि तो विकून त्याला उत्पन्न होई. असले दाखले देऊन 'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' असे म्हणणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत एक गोष्ट हमखास गाळलेली असते. हा मैला उचलत कोण होते?

आमच्या तालुक्याच्या गावात वाड्यांच्या मागे एक बोळ होती. त्या बोळीतून आम्हा मुलांना जायची बंदी होती. प्रत्येक वाड्याच्या संडासाला मागून एक छोटे दार असे, आत टोपली किंवा डबा. पहाटे एक बाई येई, ते दार उघडी, टोपलीतले दुसऱ्या टोपलीत ओती आणि ती डोक्यावर घेऊन जाई. पावसाळ्यात ते तिच्या अंगावर ओघळे. तिला पाणी प्यायला द्यायचे तर वरून ओंजळीत. तिचे नाव आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. १९४९ साली मुंबई सरकारने अशा सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल १९५२ मध्ये आला, आणि डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, हातगाड्या द्याव्यात असे त्यात होते. मी सांगतो ती बोळ त्यानंतर वीस वर्षांनीही तशीच होती.

सोनखताचे सोने या टोपलीतून येत होते. म्हणून आपल्या गावात 'फ्लशचा संडास' आला तेव्हा तो केवळ सोयीचा मामला नव्हता. साखळी ओढली की मैला पाण्याबरोबर निघून जातो, कोणाच्या डोक्यावर चढत नाही. ज्या समाजाच्या माथी हे काम जन्माने मारले होते त्याच्या दृष्टीने ती साखळी म्हणजे सुटका होती. महात्मा गांधी सफाईच्या कामाचा गौरव करीत, ते काम मातेच्या सेवेसारखे आहे असे म्हणत. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्या गौरवावर कठोर टीका केली. ज्याला हे काम जातीमुळे करावे लागते त्याला त्याच कामाची थोरवी सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा रोख होता. मैल्याच्या खताचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने, त्यात मीही आलो, ही टीका समोर ठेवूनच पुढे बोलले पाहिजे. ज्या योजनेत कोणाला तरी ताज्या मैल्याला हात लावावा लागतो ती योजना कितीही पर्यावरणस्नेही असो, मला ती मान्य नाही.

पण साखळी ओढल्यावर मैला गेला कुठे, तेही पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते, आणि त्यातल्या २० हजारांवर प्रत्यक्षात प्रक्रिया होते. शंभरातले अठ्ठावीस. उरलेले नदीनाल्यांत. उजनीच्या पाण्यावर उन्हाळ्यात हिरवा तवंग येतो, मुळा-मुठेवर आणि इंद्रायणीवर जलपर्णीचा गालिचा पसरतो आणि मग नगरपालिका यंत्रे लावून ती जलपर्णी काढते, तिचे बिल निघते, पुन्हा वर्षभराने पुन्हा तेच. जलपर्णी फुकट वाढत नाही. शेतात जे नत्र आणि स्फुरद जायला हवे होते ते पाण्यात गेले, म्हणून पाण्यात पीक आले. आपण एकीकडे शेतात गोणी टाकतो आणि दुसरीकडे नदीत.

शिवाय भुयारी गटारे आहेत किती गावांत? बहुतेक तालुक्याच्या गावांत, नव्या वसाहतींत, मोठ्या खेड्यांतल्या बंगल्यांत जे असते त्याला आपण 'सेफ्टी टँक' म्हणतो. मूळ शब्द सेप्टिक. कुजवणारी टाकी. मराठी जिभेने त्याचे 'सेफ्टी' केले, म्हणजे सुरक्षिततेची टाकी. इतका उलटा अर्थ मी दुसऱ्या कुठल्या शब्दाचा झालेला पाहिलेला नाही. या टाकीत मैला पाण्याखाली, हवेवाचून कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या टाकीचे झाकण काढून माणूस आत उतरला की दोन-तीन श्वासांत तो कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की आता गावाचे नाव तेवढे बदलते. हाताने मैला उचलण्यावर १९९३ च्या कायद्याने आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरीही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. मेलेली माणसे कोणत्या समाजातली असतात, ते सांगायला नको. टोपली गेली. टोपली वाहणारा मात्र टाकीत उतरला.

आता बहुतेक ठिकाणी टाकी उपसायला पंपाची गाडी येते, ही सुधारणाच म्हणायची. कंपाउंडच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर 'सेफ्टी टँक साफ करून मिळेल' असे रंगवलेले असते आणि खाली मोबाइलचा क्रमांक. मी एकदा अशा क्रमांकावर फोन केला. गाडीवाल्याने दर सांगितला, वेळ सांगितली. मी विचारले, "नेऊन टाकता कुठे?" तो म्हणाला, "ते तुम्हाला कशाला हवंय साहेब? तुमची टाकी मोकळी झाली म्हणजे झालं." त्याचे बोलणे उद्धट नव्हते. आजवर हे त्याला कोणी विचारलेच नसावे.

हे सारे आपल्याकडे एका माणसाने फार आधी ओळखले होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी मैला सफाईचे काम मागितले. ब्राह्मण राजकीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे. अप्पांनी अन्नावर निर्बंध घालून घेतला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. सरकारला नमते घ्यावे लागले. पण माझ्या मते अप्पांचे खरे मोठेपण या प्रसंगात नाही, ते पुढच्या कामात आहे. स्वतः झाडू हातात घेतल्याने एका माणसाचे प्रायश्चित्त होते, त्याने ती टोपली बंद होत नाही, हे त्यांना दिसले. १९४८ मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाची रचनाच बदलण्याच्या मागे ते लागले. दोन कप्प्यांचा संडास. एक कप्पा वापरायचा, दरवेळी वर माती, पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातला मैला कुजून खत झालेला असतो आणि मग घरच्याच माणसाने तो फावड्याने काढून झाडाला घालायचा. या कामाला ते भंगीमुक्ती म्हणत. शब्द त्या काळचा आहे, पण कल्पना नीट पाहा. मैला जिथे तयार होतो तिथेच त्याची माती झाली पाहिजे, म्हणजे तो उचलणारी जातच लागणार नाही. खत हा त्यातला लाभ, मुक्ती हा हेतू. सोनखत आणि टोपली यांची गाठ सोडवणारा पहिला मराठी माणूस तो.

त्यांच्याकडून हा धागा डॉ. मापुसकरांनी उचलला. १९५९ मध्ये ते देहूला डॉक्टर म्हणून आले. तुकोबांचे गाव, वारकऱ्यांची वर्दळ, आणि दवाखान्यात येणारे निम्मेअधिक रोगी पोटाच्या तक्रारींचे. औषध देऊन हे थांबायचे नाही हे त्यांनी हेरले, संडासाच्या मागे लागले, आणि वीस-एक वर्षांच्या चिकाटीने घरोघर संडास झाले. पुढे त्यांनी संडासाला जोडलेला 'मलप्रभा' नावाचा गोबरगॅसच्या धर्तीचा संयंत्रही बसवला. माणसाच्या मैल्यापासून माणशी रोज घनफूटभर वायू मिळतो. तेवढ्यावर पाच जणांचा स्वयंपाक होत नाही, चहा जरूर होतो. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच देहूवरून वाहणारी इंद्रायणी खाली आळंदीत वारीच्या दिवसांत फेसाळलेली दिसते. वरच्या शहराचे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी येते, त्याला देहूचे डॉक्टर काय करणार.

स्वच्छ भारत अभियानाने खेड्यांसाठी जो दोन शोषखड्ड्यांचा संडास सुचवला, तो याच जातकुळीचा. बिहारातून निघालेल्या सुलभच्या बिंदेश्वर पाठकांनी १९७० नंतर तो देशभर नेला. त्याची रचना साधी आहे. तीन-साडेतीन फूट व्यासाचे दोन खड्डे, विटांच्या बांधणीत मुद्दाम भोके ठेवलेली. पाणी आणि वायू त्यांतून भोवतीच्या मातीत मुरतात, म्हणून वर नळीही लागत नाही. भांड्याच्या उतारामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. एक खड्डा भरला की नालीतली वीट फिरवून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा. भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवायचा. आपल्याकडच्या उष्ण हवेत वर्षभरात रोगजंतू मरतात, जंतांची अंडी तेवढी चिवट असतात, म्हणून दोन वर्षे थांबलेले अधिक बरे. दुसरा खड्डा भरायला तेवढा वेळ लागतोच.

असा खड्डा उघडताना मी पाहिला आहे. सातारा जिल्ह्यातले एक गाव, मे महिना. झाकण सरकवले तेव्हा आम्ही चार-पाच जण नकळत दोन पावले मागे सरलो. वास आलाच नाही. आत तपकिरी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखे काहीतरी होते, तळाशी थोडे ओलसर. घरच्या मुलाने फावड्याने सात-आठ पाट्या काढल्या आणि आंब्याच्या आळ्यात टाकल्या. त्याची आजी ओट्यावरून बघत होती. तिने एवढेच विचारले, "आता आंघोळ केल्याबिगर घरात येऊ नगंस." त्याने आंघोळ केली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. शेण काढून आल्यावरही लोक हातपाय धुतातच.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगदेवीपल्लीत असाच एक खड्डा उपसायला स्वतः आत उतरले. त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. एका सचिवाने खड्ड्यात उतरणे ही राष्ट्रीय बातमी होते, यातच अडचण कुठे आहे ते कळते. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत पाहणी करून २०१७ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांना आढळले की लोकांना सरकारी मापाचा खड्डा फार लहान वाटतो, तो काही महिन्यांत भरेल अशी धास्ती वाटते, आणि मग तो उपसणार कोण हा प्रश्न असतो. स्वतः? छे. मग ज्यांनी पूर्वी उपसले त्यांनी? ते आता नकार देतात, आणि योग्यच करतात. म्हणून ऐपत असलेला माणूस खोलीएवढी टाकी बांधतो, आपल्या हयातीत ती भरू नये म्हणून, आणि ऐपत नसलेला संडास जपून वापरतो किंवा वापरतच नाही. आपल्याकडेही वेगळे नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारा, दहा-बारा फूट खोल टाकी खणून घेणारे किती. जातीची किळस काँक्रीटमध्ये अशी ओतलेली आहे. आणि खोल टाकी हीच जीवघेणी टाकी.

दोन खड्ड्यांचा संडास सगळीकडे चालतो असे नाही, हेही सांगायला हवे. जिथे पाणी वरच लागते, पावसाळ्यात खड्ड्यात झरे फुटतात, तिथे मैला विहिरीच्या पाण्यात उतरण्याचे भय असते. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. कातळावर खड्डाच होत नाही. अशा ठिकाणी अप्पांचा कोरडा कप्पा बरा. मूत्र आणि मैला वेगळे ठेवणारे संडासही आहेत. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या पालिकेने असे हजारो संडास बसवले. तमिळनाडूत मुसिरीला असा सार्वजनिक संडास निघाला, तिथे वापरणाऱ्यालाच पैसे देण्याचा प्रयोग गाजला. स्वित्झर्लंडमध्ये तर मूत्रापासून केलेल्या 'ऑरिन' नावाच्या द्रवखताला २०१८ मध्ये खाद्यपिकांसाठीही सरकारी परवानगी मिळाली. आणि जर्मनीने २०१७ मध्ये असा नियम केला की मोठ्या शहरांच्या मैलापाणी केंद्रांनी २०२९ पासून स्फुरद परत मिळवलेच पाहिजे. जर्मन लोक भावनेच्या भरात नियम करतात असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे २०१५ मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात सांगितले की दिल्लीच्या बंगल्यात आपण मूत्र साठवून झाडांना घालतो आणि झाडे चांगली वाढतात. देश आठवडाभर हसला. मोरारजीभाईंचे जुने विनोदही पुन्हा बाहेर निघाले. मला गडकरींच्या राजकारणाशी इथे कर्तव्य नाही, पण शेतीशास्त्राच्या दृष्टीने त्या विधानात हसण्यासारखे काही नव्हते. मूत्र बंद डब्यात महिनाभर ते सहा महिने ठेवावे, पाणी मिसळून मुळाशी घालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. पोटात घेतलेल्या औषधांचे अंश त्यात उतरतात ही शंका मात्र रास्त आहे, आणि स्विस लोकांनी ते काढून टाकण्याची सोय केल्यावरच परवानगी दिली.

शहरांचे काय? मोठ्या शहराच्या मैलापाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळले की त्यात जड धातू येतात, आणि मग त्या गाळाचे खत शेतात घालणे धोक्याचे ठरते. सोने आणि विष एकाच नळातून नेल्यावर खाली वेगळे करत बसायचे, हा उरफाटा कारभार आहे. लहान शहरांत अजून तसे झालेले नाही, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर अधिक. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्ये टाक्यांच्या गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र निघाले, तिथे त्याचे खत होऊन शेतकऱ्यांकडे जाते. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी वेगळीच वाट धरली. टाकी तुंबेपर्यंत थांबायचे नाही. दर तीन वर्षांनी एकदा प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या पाळीने पंपाच्या गाडीने उपसायची, त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, करातून भागवायचे, आणि गाळ प्रक्रिया केंद्रावरच न्यायचा. घंटागाडी जशी येते तशी ही गाडी येते. टाकी वेळच्या वेळी उपसली की गाळ घट्ट होत नाही, आणि गाळ घट्ट झाला नाही की कोणाला आत उतरावे लागत नाही. दिसायला ही वेळापत्रकाची गोष्ट आहे, पण आजवरच्या कायद्यांइतकेच या वेळापत्रकाचे मोल आहे असे मी मानतो.

खेड्यांत गाडी पोचणार नाही. तिथे घरच्याच हातांवर भिस्त. ज्यांनी बारा हजारांत एकच खड्डा खणला त्यांना शेजारी दुसरा खणावा लागेल, नालीला दोन फाटे द्यावे लागतील. खर्च काही हजारांचा आहे आणि गवंडीकाम अर्ध्या-पाऊण दिवसाचे. पहिला खड्डा ओसंडण्याआधी हे झाले तर तो पुढच्या उन्हाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात उघडता येईल. ग्रामसेवकांनी भरलेल्या खड्ड्यांची यादी करून ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि पहिला खड्डा सरपंचाच्या किंवा शाळेच्या हेडमास्तरांच्या दारातला उघडावा. शाळेच्या संडासाचा असेल तर आणखी उत्तम, त्या खताची आळी मुलांनाच करू द्यावीत. उघडायची वेळ एप्रिल-मे, मातीत ओल नसताना, शेणखत पसरायच्या सुमारास. पाच माणसांच्या घरातून निघणार सात-आठ पाट्या, एकरभर शेताला तेवढ्याने काही होत नाही. आंब्याला, नारळाला, परसातल्या भोपळ्याच्या वेलाला पुरते. पालेभाजीला आणि कच्चे खायच्या काकडी-मुळ्याला मात्र घालू नये.